आसरांच्या वाटेवरची चूल

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण भयकथा लिहिणारी बाई म्हटलं की लोकांना वाटतं, हिला कशाचंच भय नसणार. सगळं उलट आहे. पाल दिसली तर मी खुर्चीवर चढते. गॅस बंद केला का हे बघायला मिरजगावच्या स्टँडवरून घरी परत आलेली आहे, आणि एकदाच नाही. मुलगा पुण्यात नोकरीला. त्यानं फोन उचलला नाही की दुसरी रिंग वाजायच्या आत मी त्याचा अपघात करून मोकळी होते. नवरा म्हणतो, "तुझ्या डोक्यातला हा सगळा कचरा तू कागदावर काढतेस, म्हणून निदान घरात राहता तरी येतं." खरंच आहे ते.

लग्न होऊन ह्या वस्तीवर आले तेव्हा इथं ऊस नव्हता. ज्वारी, करडई आणि नजर पोचेल तिथवर मोकळं रान. कुणी सायकलवर येत असलं तरी भाकरी थापून होईपर्यंत ते येतानाच दिसायचं. पुढं कालव्याच्या चारीला पाणी आलं आणि बघता बघता घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस उभा राहिला. नवऱ्याचं मिरजगावात दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार पुन्हा भरून द्यायचं. मी डबा घेऊन जायची आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागं बसून लिहायची. लिहिलेलं त्यालाच वाचून दाखवायची. तांब्याची तार गुंडाळताना त्याचा हात थांबला तर गोष्ट जमली. नाही थांबला तर फाडून टाकायची. लई कागद फाडलेत मी त्या दुकानात.

सुरुवातीला एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, भुताखेतांचं आमच्याकडे पुरुष लिहितात. तुम्ही फराळाचं काही पाठवा ना." मी चकलीची कृती पाठवली. त्यांनी छापली. ती चकली कुणाचीच जमली नसणार, कारण मोहन घालायचं मी मुद्दाम लिहिलंच नव्हतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या अंकात माझी पहिली भयकथा आली. मग दरवर्षी येत राहिल्या, त्यांची पुस्तकं झाली, आणि अलीकडं त्या मोबाईलवर ऐकायलाही मिळायला लागल्या. भाकरी थापता थापता, ट्रॅक्टर चालवता चालवता लोक ऐकतात म्हणे. आणि गेल्या वर्षी विहिरीतल्या आसरांच्या गोष्टीला पुरस्कार मिळाला. मोठा मिळाला. शाल, मानचिन्ह, मोठ्या शहरातलं मोठं सभागृह. गावानं स्टँडवर माझा फ्लेक्स लावला. तो इतका मोठा, आणि फोटोत माझे डोळे असे वटारलेले, की दीर म्हणाले, "वहिनी, त्या वळणावर आता गाड्या आपोआप हळू व्हत्यात."

त्या सभागृहात मी भाषणात एकच गोष्ट ठासून सांगितली होती. मी भूत लिहिते, पण भूत आहे असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. पुस्तकाच्या बाहेर माझ्याकडं भूत मागू नका. हे सांगायला कारण होतं. माझं नाव व्हायला लागलं तशी माणसं लिंबू घेऊन दारात यायला लागली होती. "काकू, सुनेच्या अंगात काय हाय का बघा." "काकू, म्हैस आटली, कुणी करणी केली का?" मी त्यांना हाकलून द्यायची. अहो, मी लेखिका आहे, भगतीण नाही! म्हशीला डॉक्टरकडं न्या! दोनचार जणांनी तोंडं वाकडी केली, पण मी हटले नाही. मला माझ्या धंद्याचं तेवढं एक पथ्य होतं आणि त्याचा मला ताठाही होता.

यंदा दिरांच्या उसाला तोड आली. दिरांच्या आणि आमच्या रानामधे फक्त बांध. ऊसतोड मजुरांची टोळी पूर्वेकडच्या कोरड्या भागातली, नवरा-बायकोच्या जोड्या, म्हातारी माणसं, पोरं, चार कुत्री. मुकादमानं त्यांच्या कोप्या उसाच्या कडेलाच घातल्या. कोपी म्हणजे बांबूची कमान आणि तिच्यावर चटई किंवा उसाचं वाळलं पाचट, दार म्हणून एक फाटकी साडी. कोप्यांची पाठ उसाला अगदी चिकटलेली. दिरांच्या आणि आमच्या सामाईक विहिरीचं पाणी जवळ पडतं म्हणून तिथं घातल्या, एवढंच.

त्यात एक चारेक वर्षांची पोरगी होती. आईबाप फडात, म्हणजे तोडीच्या उसात, गेले की तिला एका म्हातारीपाशी ठेवायचे, आणि ती म्हातारी उन्हाला पाठ करून दिवसभर पेंगायची. पोरगी नुसती मोकाट. बांध ओलांडून थेट माझ्या ओट्यावर यायची आणि म्हणायची, "आज्जी, भूत सांग." कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं की ही भुतांची आजी आहे. मी म्हणायची, "भूत नसतं गं." मग ती कंबरेवर हात ठेवून, "मग तुज्याकडं काय असतं?" मी तिला शेंगदाण्याचा लाडू द्यायची. भ्यायचं म्हणजे काय हे त्या पोरीला ठाऊकच नव्हतं. विंचवाला काडीनं ढोसणारी जात. तिला बघून मीच पाय वर घेऊन बसायची.

एका दुपारी उन्हं कलल्यावर मी कढीपत्ता तोडायला बांधावर गेले. पोरगी कोपीमागं बसून पाचटाच्या काड्यांची चूल मांडून खेळत होती. म्हातारी पेंगत होती. आणि पोरीच्या पलीकडं, जवळच, बांधावर बिबट्या बसला होता.

इतकी वर्षं मी भय लिहून पोट भरत नसले तरी नाव कमावलं. आणि खरं सांगते, त्या वेळी माझ्या डोक्यात एक शब्द आला नाही. तो माझ्याकडं बघत नव्हता, हेच वाईट होतं. तो पोरीकडं बघत होता. मांजर जशी चुलीपाशी दूध उतू जायची वाट बघत बसते, तसा निवांत. मग त्याला माझी चाहूल लागली असावी. उठला, अंग ताणलं आणि उसात शिरला. एक पान हललं नाही. मी धावत जाऊन पोरीला उचललं. तिला वाटलं मी खेळतेय. ती खिदळायला लागली, आणि मी तिला घेऊन ओट्यावर येऊन बसले.

आता खरी फजिती ऐका. मी दिरांना सांगितलं. दीर दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "वहिनी, पुरस्कार मिळाल्यापासनं तुमाला लईच दिसाया लागलंय. टोळीचं कुत्रं आसंल." मी म्हटलं, अहो, कुत्र्याला ठिपके असतात का? तर म्हणाले, "तुमी लिवलं की असत्यात." स्टँडवर किराणा दुकानात सांगितलं तर तिथला म्हातारा म्हणाला, "काकू, नवीन गोष्ट का? नाव काय ठिवलं?" पुण्याला मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, व्हिडिओ काढलास का?" मेल्या, समोर बिबट्या असताना मी काय व्हिडिओ काढत बसू? नवऱ्याला तेवढं अर्धवट पटलं. म्हणाला, "तू म्हणतेस म्हणजे असेल. पण तू गॅसबद्दलपण म्हणतेस." वनखात्याला फोन लावला. एक भला माणूस मोटरसायकलवर आला, बांधावर हिंडला, जमीन कडक होती, ठसा काही मिळाला नाही. पिंजऱ्यासाठी वर कळवतो म्हणाला, पिंजरे सगळे दुसऱ्या गावांत गुंतलेले आहेत, वेळ लागेल. मग हेल्मेट काढून थोडं लाजत म्हणाला, "मॅडम, त्या आसरांच्या कथेच्या बाई तुम्हीच ना? आमची मिसेस तुमची फॅन आहे." माझ्यासोबत सेल्फी काढला. फोटोत मागं ऊस आलाय.

मुकादमाला गाठलं. म्हटलं, एवढं करा, कोप्या उचला आणि माझ्या अंगणात घाला. मोकळं आहे, पाणी आहे, लाईट आहे. तो हात जोडून म्हणाला, "ताई, बिबट्या कुटं न्हाई? आमी कुणाकुणाला भ्यायचं? आन् कोप्या हलवायच्या म्हंजे एक दिस बुडतो. बायामानसांच्या कानावर घालू नका, कामात ध्यान लागत न्हाई." झालं. तोवर पोरगी पुन्हा कोपीमागं जाऊन बसलेली.

मी दोन दिवस खिडकीत उभी राहून काढले. भाजी करपली, दूध उतू गेलं. पोरगी दिसली नाही की बांधावर पळायची, दिसली की देवाचं नाव घ्यायची. माझ्या मनात एकच चित्र अडकून बसलं होतं, ती फाटकी साडी आणि तिच्याखालून ओढत नेलेलं काहीतरी. असलं चित्र कथेत घातलं असतं तर मीच शाबासकी घेतली असती. आता मात्र त्यानं मला वेड लागायची पाळी आली.

शेवटी मी त्या पोरीच्या आईकडंच गेले. पंचविशीची असेल, काटक, तोंडानं चपळ. वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी बांधत होती. मला बघून म्हणाली, "काकू, तुमची ती आसराची गोष्ट ऐकली बगा मोबाईलवर. समदी टोळी ऐकत हुती. लई भारी!" तिला बिबट्याचं सांगायलाच मी गेले होते. शब्द ओठांवर होते. पण तेवढ्यात मनात आलं, हीपण हसली तर? सगळे हसले होते. ही हसली असती तर मला आणखी जायला ठिकाण नव्हतं.

मग मी ते केलं.

आमची ती सामाईक विहीर जुनी आहे. तिच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड. साती आसरा, वाटेत आलेल्या लेकराला धरणाऱ्या पाण्यातल्या बाया. वर्षातून एकदा आम्ही त्यांना दहीभात आणि हिरव्या बांगड्या देतो. सासूबाई द्यायच्या म्हणून मीही देते, पुढं काही नाही. पुरस्काराची गोष्ट त्यांच्यावरच होती, पण गोष्टीतली विहीर माझ्या मनातली होती. आता मी त्या बाईला फक्त विचारलं, "अगं, तुमची चूल तिथं कुणी मांडायला सांगितली?"

माझ्या कामातली ही जुनी खोड. भीती आपण सांगायची नाही. विचारायचं आणि गप्प बसायचं.

ती म्हणाली, "कामून काकू?"

मी म्हटलं, "काही नाही. विहिरीपासून चारीपर्यंत जुनी वाट आहे, म्हणून विचारलं." आणि विहिरीकडं बघितलं. "पोरगी झोपेत हसते का गं?"

माझ्या गोष्टीतलं लेकरू आसरांनी धरल्यावर झोपेत हसायचं. पण कुठलं पोर झोपेत हसत नाही! तिच्या हातातली पेंढी गळून पडली. चेहरा असा उतरला की माझी मलाच लाज वाटली. लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, आतून थोडं बरंही वाटलं. वार बरोबर बसला होता. इतकी वर्षं नवऱ्याचा हात थांबायची वाट बघायची, तसाच तिचा हात थांबला होता.

तिन्हीसांजेच्या आत कोप्या हलल्या. एक दिवस बुडेल म्हणणारा मुकादम स्वतः बांबू खांद्यावर घेऊन आला, आणि येताना विहिरीकडं तोंड करून हात जोडून आला. बिबट्याला न भिणारी अख्खी टोळी माझ्या अंगणात येऊन बसली. दीर भडकले, "वहिनी, ह्ये काय नवं काढलं?" दोन दिवसांनी त्यांचं स्वतःचं कुत्रं नाहीसं झालं. मला कळलं कुणी नेलं ते. पण दीर संध्याकाळी हळूच ओट्याशी आले आणि विचारायला लागले, "वहिनी, त्ये आसरांचं खरं हाय का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी विहिरीवर नारळ फोडला. मी कपाळाला हात लावला.

मला वाटलं होतं, चला, पोरगी वाचली. आता ऊस तुटेपर्यंत ती माझ्या डोळ्यांसमोर खेळेल, टोळी जाईल आणि मी शांत झोपेन. कुठलं काय! करायला गेले एक आणि झालं भलतंच. आसरा लेकराच्या मागावर आहेत म्हटल्यावर ती आई पोरीला अंगणात ठेवीना. म्हातारीपाशी नाही, माझ्यापाशीही नाही. रोज सकाळी तिला कडेवर घेऊन फडात जायला लागली. जिथं बिबट्या होता तिथंच! उसाच्या कडेला पाचट अंथरायची, त्याच्यावर तिला बसवायची आणि दहा पावलांवर कोयता चालवायची. तोड पुढं सरकेल तसा ऊस कमी होत होता, आणि त्यात जे काही होतं ते पोरीच्या जवळ जवळ येत होतं. मी विनवलं, "अगं, माझ्याकडं दे तिला." तर ती म्हणाली, "न्हाई काकू, तुमच्या अंगनातनं बी हीर दिसती."

मग मी काय करणार? मीपण फडात जाऊन बसले. राज्यभर नाव झालेली लेखिका डोक्यावर पदर घेऊन बांधावर बसलीय आणि पळीनं स्टीलचं ताट बडवतेय. मोबाईलवर मोठ्या आवाजात बातम्या लावलेल्या. आवाजानं जनावर लांब राहतं असं कुठं तरी वाचलं होतं. बायकांना वाटलं, काकू आसरांना वाजवून परत लावतायत. एकीनं येऊन माझ्या पायावर डोकं ठेवलं. दुसरीनं हळदीकुंकू लावलं. ज्या भगतिणीला मी आयुष्यभर दारातून हाकललं, ती शेवटी मीच होऊन बसले होते.

आणि पोरगी! तिनं आता भूत मागायचं सोडलं होतं. पाचटावर गुडघे पोटाशी घेऊन बसायची. पान सळसळलं की दचकायची. पाण्याची बाटली दिली तर आत डोकावून बघायची, मग प्यायची. लाडू पुढं केला तर आधी आईकडं बघायची. विंचवाला ढोसणारी ती पोरगी कुठं गेली? मी मनात म्हणायची, भिऊ दे, भिऊ दे, जिवंत तर राहील. आणि लगेच स्वतःचाच राग यायचा. ताट बडवून बडवून मनगट सुजलं, पण थांबवलं नाही.

शेवटची पट्टी तुटली त्या दिवशी माझा जीव मुठीत होता. ऊस पडत गेला, पलीकडचं रान दिसायला लागलं आणि त्यातून काहीच बाहेर आलं नाही. आधीच कधीतरी निघून गेला असणार. मी तिथंच बांधावर बसून रडले. टोळीतल्या बायका म्हणाल्या, काकूंच्या अंगातनं उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर लागला. पुढचा फड भीमेकाठच्या गावात होता. बांबू, भांडी, अंथरुणं, कुत्री, सगळं ट्रॉलीत चढलं. ती बाई पोरीला कडेवर घेऊन माझ्याकडं आली, वाकून पाया पडली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, एक इचारू का? तिकडं तर नदीच हाय. तितं बी असत्याल का आसरा? कोपी कुटं घालू?"

पोरगी आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारून माझ्या तोंडाकडं बघत होती. आहेत म्हटलं असतं, तर ती माय नदीकाठी तिला पुन्हा फडात घेऊन बसली असती, आणि पोरगी जन्मभर पाण्याला भ्याली असती. माझ्या तोंडून आणखी एक खोटं निघेना. मी म्हटलं, "आसरा नव्हत्या गं. मी खोटं बोलले. बिबट्या होता. मी डोळ्यांनी बघितला, तुझ्या पोरीकडं बघत बसला होता. कुणी ऐकेना म्हणून मी आसरांचं नाव घेतलं. मला माफ कर."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मला वाटलं, आता ही मला थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"बिबट्या?" ती म्हणाली. "निस्ता बिबट्या?"

आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं ओझं उतरलं. पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. "आगं बया बया! आन् मी इतके दिस लेकराला पोटाशी धरून मरती! काकू, तुमी बी ना! बिबट्याला काय भ्याचं? त्यो तर दर फडाला असतो." ट्रॅक्टरच्या आवाजावर आवाज चढवून तिनं नवऱ्याला सांगितलं, "अवं, आसरा न्हवत्याच! बिबट्या हुता निस्ता!" अख्खी ट्रॉली हसली. मुकादम हसला. म्हातारी बोळक्यानं हसली.

मी तिचा दंड धरला. "अगं, ऐक माझं. कोपी उसाला चिकटून घालू नकोस. गावाजवळ घाल. पोरीला एकटी सोडू नकोस."

"व्हय व्हय काकू," ती म्हणाली आणि ट्रॉलीत चढली.

ट्रॅक्टर सुटला, त्याच्यावरचं गाणं सुरू झालं. मी मागं धावत ओरडत होते, "लांब घाल गं! उसापासून लांब घाल!" माझं काही ऐकू जात नव्हतं. तिनं हसतच मला हात केला आणि पोरीला कडेवरून खाली उतरवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं तिला असं बिनघोर सोडलं होतं.